शेफर्ड्स पाय आणि कॉटेज पाय: खिमा आटलेला, बटाटा कोरडा

शेफर्ड्स पाय बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. खाली मांसाचा खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर आणि मग वरची बाजू खरपूस होईपर्यंत ओव्हनमध्ये भाजणे, इतकीच या इंग्रजी पदार्थाची मांडणी आहे. त्यात मसाल्यांची गुंतागुंत नाही आणि पीठही मळावे लागत नाही. तरीही पहिल्यांदा करणाऱ्याच्या ताटात तो पुष्कळदा पातळ रश्शात बुडालेल्या बटाट्याच्या रूपात येतो, कारण खिम्यात रस जास्त राहिलेला असतो, बटाट्यात उकडतानाचे पाणी मुरलेले असते आणि दोन्ही थर गरम असतानाच एकावर एक रचलेले असतात. इंग्लंडमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी केलेला शेफर्ड्स पाय नेमका असाच झाला होता. मधला बटाटा खचून खाली गेला होता आणि कडेने रस्सा वर आला होता. त्यामुळे पुढे कृती सांगताना प्रत्येक टप्प्यावर पाणी कुठून येते आणि ते कसे घालवावे, याकडे मी सर्वात जास्त लक्ष वेधणार आहे.

दोन नावे, एक पदार्थ

आज इंग्लंडमध्ये मेंढीच्या मांसाचा तो शेफर्ड्स पाय आणि गोमांसाचा तो कॉटेज पाय, असा भेद काटेकोरपणे पाळला जातो आणि उपाहारगृहाने नावात चूक केली, तर गिऱ्हाईक ती दाखवून देते. शेफर्ड म्हणजे मेंढपाळ, त्यामुळे हा भेद तर्काला धरूनही आहे. इतिहास मात्र इतका नीटनेटका नाही. कॉटेज पाय हे नाव जुने असून नॉरफोक परगण्यातील पाद्री जेम्स वुडफोर्ड यांच्या १७९१ च्या रोजनिशीत ते आढळते. शेफर्ड्स पाय हे नाव १९व्या शतकाच्या मध्यावर छापील पुस्तकांत दिसू लागले आणि त्यानंतर बराच काळ मांस कोणतेही असले, तरी दोन्ही नावे अदलाबदलीने वापरली जात होती.

कॉटेज म्हणजे खेड्यातल्या मजुराचे लहानसे घर. १८व्या शतकाच्या अखेरीस बटाटा इंग्लंडमधील गरीब घरांत रुळत होता. मैदा आणि चरबी वापरून केलेल्या पायच्या कवचापेक्षा बटाट्याचे आवरण स्वस्त पडत असे, त्यासाठी लाटण्याचे कौशल्य लागत नसे आणि थोडे मांस जास्त तोंडांना पुरत असे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये मांसावर १९४० मध्ये आलेले रेशन १९५४ पर्यंत टिकले. बटाटा मात्र युद्धाच्या काळात रेशनबाहेर होता. अशा दिवसांत हा पदार्थ घरोघरी शिजत राहिला यात नवल नाही.

त्याचा दुसरा उगम रविवारच्या जेवणात आहे. इंग्रजी घरांत रविवारी दुपारी मांसाचा मोठा तुकडा भाजण्याची रीत आहे, आणि उरलेल्या मांसाचे सोमवारी काय करावे, या प्रश्नाचे शेफर्ड्स पाय हे उत्तर होते. म्हणजे मूळ कृतीत कच्चा खिमा नव्हता. आधीच भाजलेले थंड मांस बारीक चिरून घेतले जात असे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायचे खिम्याचे यंत्र घरोघरी पोहोचल्यावर हे काम सोपे झाले. कच्च्या खिम्यापासून केलेली आजची कृती त्यानंतर रुळली. मी दोन्ही देत आहे, कारण दोहोंची चव आणि पद्धत खरोखर वेगळी आहे.

मांस निवडताना

इंग्लंडमध्ये शेफर्ड्स पायसाठी कोकराचा खिमा मिळतो आणि पाकिटावर चरबीचे प्रमाण छापलेले असते. फार कमी चरबीचा खिमा शिजल्यावर दाणेदार आणि कोरडा लागतो. थोडी चरबी असलेला घेऊन, परतल्यावर सुटलेले जास्तीचे तूप (म्हणजे मांसाची वितळलेली चरबी) काढून टाकणे चांगले. खाटकाकडून घेणार असाल, तर खांद्याच्या मांसाचा, यंत्रातून एकदाच काढलेला जाडसर खिमा मागावा. खांद्याच्या मांसात चरबी आणि तंतू दोन्ही असल्याने ते मंद आचेवर मऊ होते आणि रसाला अंगचा दाटपणा देते.

महाराष्ट्रात मटण म्हटले की बहुतेक ठिकाणी बोकडाचे मांस मिळते. ते मेंढीच्या मांसापेक्षा कमी चरबीचे आणि अधिक तंतुमय असते, म्हणून त्याला पाऊण तासाऐवजी सव्वा तास शिजवावे लागते. कुकर वापरायचा असेल, तर यखनी (मांस-हाडे उकळून काढलेला पातळ रस) निम्मीच घालावी, कारण झाकणबंद कुकरमध्ये पाणी आटत नाही, आणि वाफ गेल्यावर झाकण काढून खिमा पुन्हा मोठ्या आचेवर आटवून घ्यावा. कॉटेज पायविषयी सांगायचे, तर महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे राज्यातील वाचकांना मटणाचा शेफर्ड्स पाय करणेच योग्य. परदेशात राहणाऱ्यांनी पुढील प्रमाणात गोमांसाचा खिमा घेतला तर तोच कॉटेज पाय होतो. फक्त रोझमेरीऐवजी थाइम वाढवावे; या दोन्ही सुवासिक पानांच्या वनस्पती आहेत.

साहित्य

हे प्रमाण चार जणांना पोटभर किंवा सहा जणांना बेताने पुरते. भांडे सुमारे २० बाय ३० सेंटीमीटर लांबीरुंदीचे आणि किमान ५ सेंटीमीटर खोल असावे.

खिम्याच्या थरासाठी: ७०० ग्रॅम खिमा, २ मध्यम कांदे, २ गाजरे, सेलरीचा १ दांडा, लसणाच्या २ पाकळ्या, १ मोठा चमचा घट्ट टोमॅटो पेस्ट, १ मोठा चमचा मैदा, ४०० मिलिलिटर यखनी, १ मोठा चमचा वुस्टर सॉस, ताज्या रोझमेरीची एक काडी, थाइमच्या दोन-तीन काड्या, मीठ आणि भरपूर काळी मिरी.

बटाट्याच्या थरासाठी: १ किलो पिठूळ बटाटे, ७५ ग्रॅम लोणी, ७५ ते १०० मिलिलिटर दूध, एका अंड्याचा पिवळा बलक, चिमूटभर जायफळ, मीठ आणि हवे असल्यास ५० ते ७५ ग्रॅम किसलेले चेडर चीज.

यातील काही जिनसांविषयी थोडे थांबून सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये टोमॅटो प्युरे या नावाने जे नळीत मिळते ते अतिशय घट्ट असते. भारतात त्याच नावाने खोक्यात मिळणारा पदार्थ पातळ असतो. नावावर विसंबून तोच घातला, तर खिम्यात नको असलेले पाणी वाढते, म्हणून भारतात पेस्ट म्हणून विकली जाणारी बाटली घ्यावी. वुस्टर सॉस हा वुस्टर शहरात १८३७ पासून विकला जाणारा, आंबवलेल्या अँकोव्ही मासळीचा आणि चिंचेचा समावेश असलेला आंबट-खारट सॉस आहे. मासळी वर्ज्य असणाऱ्यांनी शेफिल्डचा हेंडरसन्स रेलिश वापरावा. त्यात मासळी नसते आणि त्या शहरात या पदार्थावर तोच शिंपडतात. इंग्रजी कृतींमध्ये येणारे बे लीफ म्हणजे आपले तमालपत्र नव्हे. तमालपत्राचा वास दालचिनीकडे झुकतो आणि या पदार्थात तो परका वाटतो, त्यामुळे बे लीफ नसेल तर ते सरळ वगळावे. थाइमच्या जागी ओवाही घालू नये; वासात साम्य असले तरी तो फारच उग्र आहे.

बटाट्याची निवड सर्वात महत्त्वाची. इंग्लंडमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड या जाती घ्याव्यात. दोन्ही पिठूळ आहेत आणि कुस्करल्यावर हलक्या होतात. भारतात नवा, पातळ सालीचा बटाटा टाळावा, कारण तो पाणचट असतो आणि कुस्करल्यावर चिकट होतो. जुना, जाड सालीचा बटाटा किंवा वेफरसाठी वापरली जाणारी चिप्सोना ही जात उत्तम. शीतगृहात फार दिवस राहिलेला बटाटा गोडसर लागतो आणि भाजताना लवकर काळपटतो, म्हणून आणल्यावर एखादा उकडून चाखून पाहावा.

खिमा शिजवणे

खिमा फ्रीजमधून अर्धा तास आधी काढावा आणि कागदी रुमालाने टिपून कोरडा करावा. जाड बुडाचे पसरट भांडे चांगले तापवून त्यात चमचाभर तेल घालावे आणि खिम्याचा अर्धाच भाग पसरावा. सगळा खिमा एकदम घातला, तर भांड्याचे तापमान उतरते, मांसाला पाणी सुटते आणि खिमा भाजला न जाता त्याच पाण्यात उकडतो. त्याचा रंग करडा राहतो आणि चवही फिकी. पसरलेला खिमा तीन-चार मिनिटे अजिबात हलवू नये. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलथन्याने मोडून परतावा आणि ताटलीत काढावा, मग दुसरा भाग तसाच करावा. भांड्याच्या तळाला चिकटलेला तपकिरी थर खरवडून टाकू नये, कारण पुढच्या रसाची निम्मी चव त्यात असते.

भांड्यात साठलेले तूप चमचाभर ठेवून बाकीचे काढून टाकावे. मेंढीचे तूप थंड झाल्यावर टाळूला चिकटते, शिवाय भाजताना ते बटाट्यातून वर येऊन पिवळे तवंग दिसतात. उरलेल्या तुपात बारीक चिरलेला कांदा, गाजर आणि सेलरी चिमूटभर मीठ घालून मंद आचेवर किमान १० मिनिटे परतावे. कांदा मऊ आणि पारदर्शक व्हावा, भजीच्या कांद्यासारखा तपकिरी नव्हे. मग ठेचलेला लसूण, त्यानंतर टोमॅटो पेस्ट घालून ती विटकरी रंगाची होईपर्यंत परतावी. मैदा भुरभुरून आणखी एक मिनिट परतला की त्याचा कच्चा वास जातो.

आता यखनी थोडी थोडी घालत तळाचा तपकिरी थर लाकडी चमच्याने सोडवून घ्यावा, परतलेला खिमा, वुस्टर सॉस आणि रोझमेरी-थाइमच्या काड्या घालाव्यात आणि एक उकळी आल्यावर आच अगदी मंद करावी. झाकण अर्धवट ठेवून पाऊण ते एक तास शिजू द्यावे. शेवटची पंधरा मिनिटे झाकण पूर्ण काढावे. खिमा झाला की नाही हे घड्याळापेक्षा चमचा जास्त खरे सांगतो: लाकडी चमचा भांड्याच्या तळावरून ओढला असता मागे वाट उघडी राहिली पाहिजे आणि रस दोन-तीन सेकंदांनीच हळूहळू त्या वाटेत परतला पाहिजे. वाट लगेच बुजत असेल तर अजून आटवावे. तळ करकरीत कोरडा वाटत असेल तर यखनीचे दोन चमचे घालावेत. मीठ अगदी शेवटी पाहावे, कारण वुस्टर सॉस आणि विकतची यखनी दोन्ही खारट असतात.

मटार घालावेत की बाजूला वाढावेत यावर इंग्रजी घरांत मतभेद आहेत. माझे मत बाजूला वाढण्याच्या बाजूने आहे, कारण गोठवलेल्या मटाराला भाजताना पाणी सुटते आणि त्याचा हिरवा रंगही जातो.

काड्या काढून खिमा बेकिंगच्या भांड्यात पसरावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. ही पायरी पुष्कळ जण वगळतात, पण तीच टाळता न येणारी आहे. गार झालेला खिमा घट्ट बसतो, वर बटाट्याचे वजन पेलतो आणि तरंगणारे उरलेसुरले तूपही थिजल्यावर चमच्याने उचलता येते. घाई असल्यास पसरट ताटात काढून पंख्याखाली ठेवावा. खोलीच्या तापमानाला मात्र दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवू नये.

उरलेल्या भाजलेल्या मांसाचा शेफर्ड्स पाय

सुमारे ५०० ग्रॅम थंड भाजलेले मांस घ्यावे. चरबीचे पांढरे तुकडे आणि कडक शिरा काढून ते सुरीने अगदी बारीक चिरावे. मिक्सरमध्ये फिरवले तर त्याची चटणी होते आणि दाताखाली काहीच उरत नाही. भाज्या वरीलप्रमाणे परताव्यात, मैदा घालावा, मग रविवारची उरलेली ग्रेव्ही आणि लागेल तेवढी यखनी मिळून ३०० मिलिलिटर घालावे. हा रस मांसाशिवायच आटवून दाट करावा आणि चिरलेले मांस शेवटच्या १० मिनिटांत घालावे. एकदा भाजून झालेले मांस पुन्हा तासभर उकळले, तर ते चामड्यासारखे होते. या प्रकारात भाजलेल्या मांसाचा खमंग धुरकट वास खिम्यात उतरतो, जो कच्च्या खिम्याने कितीही परतले तरी मिळत नाही. इंग्लंडमध्ये ज्यांच्या घरी रविवारी मांस भाजले जाते, त्यांनी मुद्दाम मोठा तुकडा आणून सोमवारची सोय करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

बटाट्याचा थर

बटाटे सोलून सारख्या आकाराच्या मोठ्या फोडी कराव्यात. त्या थंड, मीठ घातलेल्या पाण्यात टाकून मगच आच लावावी. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा भाग विरघळेपर्यंत आतला कच्चा राहतो. उकळी आल्यावर मध्यम आचेवर १५ ते २० मिनिटांत सुरी सहज आरपार जाते. कुकरमध्ये सालासकट उकडण्याची आपली पद्धतही चालते, किंबहुना साल असल्याने बटाटा पाणी कमी पितो, पण शिट्ट्या जास्त होऊन तो फुटता कामा नये.

पाणी रोळीत निथळून बटाटे पुन्हा त्याच गरम भांड्यात घालावेत आणि अगदी मंद आचेवर तीन ते पाच मिनिटे वाफ जाऊ द्यावी. फोडींच्या कडा पांढऱ्या आणि पिठासारख्या दिसू लागल्या की त्या तयार आहेत. गरम असतानाच कुस्कराव्यात. पावभाजीचे मॅशर चालते, जाळीतून दाबून काढणारे यंत्र असेल तर उत्तम. मिक्सर किंवा ब्लेंडर कधीही वापरू नये. पाते वेगाने फिरले की बटाट्यातील पेशी फुटून स्टार्च मोकळा होतो आणि लगदा खळीसारखा ताणू लागतो. तो पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

आधी लोणी मिसळावे, मग गरम केलेले दूध थोडे थोडे. वाढण्यासाठीचा मॅश मऊ आणि ओघळता असला तरी चालतो, पण हा थर उभा राहिला पाहिजे, म्हणून दूध सगळे घालायलाच हवे असे नाही. चमच्यावर घेऊन उलटा धरल्यास तो जडपणे लोंबला पाहिजे, सांडू नये. शेवटी बलक, जायफळ, मीठ आणि निम्मे चीज घालावे. बलकामुळे थर भाजताना बांधून राहतो आणि त्याला सोनेरी रंग येतो. अंडे चालत नसेल तर तो वगळून दूध थोडे कमी करावे.

गोव्याच्या पोटॅटो चॉपमध्येही मसालेदार खिम्याला कुस्करलेल्या बटाट्याचे आवरण असते, आणि ते वळताना बटाट्यात पाणी राहिले तर चॉप तव्यावर फुटतो. ज्यांना तो चॉप वळता येतो, त्यांच्या हाताला या बटाट्याचा नेमका घट्टपणा आधीच माहीत आहे.

रचणे आणि भाजणे

ओव्हन २०० अंशांवर, पंख्याचा असल्यास १८० अंशांवर तापवावा. बटाटा लावण्याची सुरुवात मध्यापासून न करता कडेपासून करावी. भांड्याच्या काठाला चिकटून चारही बाजूंनी बटाट्याची पाळ घालावी, ती बोटाने काठाशी दाबून सांधा बंद करावा आणि मग मधला भाग चमच्याचमच्याने भरावा. मध्ये ढीग टाकून बाहेर ढकलला, तर खिमा बटाट्यात मिसळून कडेला येतो आणि भाजताना तिथूनच रस उकळून बाहेर पडतो. थर साधारण २ ते ३ सेंटीमीटर जाड असावा. नंतर काट्याच्या दातांनी पृष्ठभागावर खोल रेघा ओढाव्यात. या रेघा केवळ नक्षी नसतात. त्यांचे उंचवटे आधी वाळतात आणि कुरकुरीत होतात. वर उरलेले चीज आणि लोण्याचे लहान तुकडे पसरावेत.

भांड्याखाली एक ताट ठेवून ओव्हनच्या वरच्या भागात ३० ते ३५ मिनिटे भाजावे. उंचवटे गडद सोनेरी व्हावेत आणि कडेला एखाद-दुसरा बुडबुडा दिसावा. खिमा फ्रीजमधून काढलेला असेल तर ४५ मिनिटांपर्यंत वेळ लागतो. मधोमध सुरी खुपसून दहा सेकंदांनी काढावी आणि तिचे टोक चटका बसेल इतके गरम आहे का ते पाहावे. तापमापक असल्यास मध्यभागी ७५ अंश दिसले पाहिजेत. वरचा रंग कमी वाटला, तर शेवटची दोन-तीन मिनिटे ग्रिल लावावे आणि तेव्हा ओव्हनसमोरून हलू नये.

बाहेर काढल्यावर १० ते १५ मिनिटे तसाच ठेवावा. या वेळात उकळणारा रस पुन्हा दाट होतो आणि वाढताना थर वेगवेगळे दिसतात. सोबत वाफवलेले मटार, लोण्यात परतलेला कोबी किंवा लीक (पातीच्या कांद्यासारखी जाड भाजी), आणि उत्तर इंग्लंडच्या रीतीने शिरक्यात मुरवलेला लाल कोबी. या लाल कोबीची आंबट चव मेंढीच्या चरबीला फार छान तोडते. घरी तो नसेल तर शिरक्यातला कांदा घ्यावा.

पावाचा चुरा आणि चीज यांचा जाड थर बटाट्यावर दिला की त्याला कंबरलंड पाय म्हणतात. ज्यांना कुरकुरीतपणा हवा असतो, त्यांनी तो जरूर करून पाहावा. शाकाहारी घरांसाठी सालासकट अख्खे मसूर २५० ग्रॅम, मऊ पण न फुटता शिजवून, खिम्याच्या जागी वापरता येतात. त्यात परतलेले मशरूम घालावेत आणि ते आधी वेगळे, पाणी पूर्ण आटेपर्यंत परतावेत.

शेफर्ड्स पाय आदल्या दिवशी रचून, झाकून फ्रीजमध्ये ठेवता येतो. भाजलेला उरला तर लवकर गार करून दोन दिवसांत संपवावा आणि एकदाच, आतपर्यंत वाफाळेल असा गरम करावा. मायक्रोवेव्हमध्ये वरचा थर मऊ पडतो, म्हणून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये पहिली २० मिनिटे फॉइल झाकून आणि नंतर १० मिनिटे उघडा ठेवावा. थंड असतानाच चौकोनी तुकडे कापून गरम केले, तर ते ताटात अखंड उतरतात.